तुरीतली काळीपिवळी

११ नोव्हेंबर

एक बाई येऊन गेली! पाठीवर पिशवी, पायात बूट. प्रेरणा मॅडम म्हणे, नागपूरच्या. तांड्याच्या मधात उभी राहून इचारते काय — चाळीस वर्षांत इथं कोणती गाडी कधी आली, डिझेल-पेट्रोल किती जळते, धूर कसा वाढत गेला. धूर! आर्णीच्या रोडवर दिवसभर डंपर काळं ओकतात ते दिसत नाही, आमचाच धूर मोजाले आली. पुढच्या आठवड्यात घरोघर येणार म्हणते. मले तर तेव्हाच समजलं, दाल में काला हाये.

१२ नोव्हेंबर

माही काळीपिवळी, सवारीची जीप, जुनी झाली. जुन्या डिझेल गाड्या भंगारात काढतात असं स्टँडवर सगळेच बोलून राह्यले. आधी धूर मोजायचा, मंग नावं लिहायची, मंग गाडी उचलायची — दुसरं काय? आमचं वावर हाये, पण चूल पेटते ते ह्या जीपवर. जीप गेली का मी संपलो!

बायकोले, शीलाले, सांगतलं हे सगळं. भाकर थापत राह्यली. मले ते बी पटलं नाही.

१४ नोव्हेंबर

रामलाल नाईकाच्या ओट्यावर सगळे बसलो. मीच बोललो. ठरलं असं — पहिले गाड्या लय होत्या, आता सगळ्या विकल्या, पायदळ फाट्यावर जातो अन् एस्टी पकडतो, हेच सगळ्याईनं सांगाचं. घरटी एक फटफटी हाये, कोणाच्या घरी दोन-दोन. त्या दिवशी सगळ्या तुरीत घालाच्या. औंदा तूर डोक्याच्या वर गेली. हत्ती घुसवला तरी दिसणार नाही.

बा मात्र भडकला. माहा बाप लालसिंग, ऐंशीले टेकला पण आवाज कमी नाही. "खोटं कायले बोलू बे? माह्या आज्याची लदेणी होती, बैलाच्या पाठीवर धान्य लादून मुलुख फिरला. धूर कुठचा? मंग सायकल आली, मंग नाईकाची फटफटी, मंग तुही जीप. आता तर पोट्टे परसाकडे बी गाडीवर जातात! जे हाये ते सांगीन."

मेलो! म्हटलं, बा, पहिले काहीच नव्हतं म्हणशीन तर मॅडम लिहीन, आपण गोरमाटी बंजारे कंगाल होतो. झालं. बुढ्याचं तोंडच पालटलं.

१७ नोव्हेंबर

वर्षाले आज पुन्हा उतरवलं. पोरीचं कॉलेज आर्णीले, जाते माह्याच जीपमध्ये. पण लग्नाची सवारी आली, पूर्ण गाडी भरली, काय करू? म्हणे, "बाबा, आज पेपर हाये." म्हटलं, दुसऱ्या खेपेले नेतो. दुसरी खेप लवकर भरलीच नाही अन् पेपर हुकला. मले बी वाईट वाटलं. पण घरच्याच माणसाले सीट देत बसलो तर धंदा कसा होईन? शीला जेवाले वाढून निघून गेली.

१९ नोव्हेंबर

जमलं! जीप तुरीत, वरून निंबाच्या डगाळ्या तोडून झाकल्या. तुरीचा फुलोरा पिवळा, टप बी पिवळा. मलेच सापडेना.

बा तर सुटलाच. "मॅडम, माह्या जवानीत इथं ट्रकाची लाइन लागे, लाइन! आता पाहा, पायात चप्पल बी धड नाही." मंग बाकीचे बुढे मागं कायले राह्यतीन? एकानं ट्रक सांगतला का दुसरा दोन सांगे. मॅडम चष्मा पुसून पुसून लिहीत होत्या. म्हणे, "सगळ्या देशाचा धूर वाढतोय, तुमच्याच तांड्याचा कमी होत चाललाय!" मी मान हलवली, गरिबासारखी.

पण शीला? निंबाखाली मॅडमसंगं लय वेळ बसली होती. दोघी हसत बी होत्या. कायले हसत होत्या? जीपचं सांगतलं असन काय? घरी इचारलं तं म्हणे, "तुम्ही शिकवलं तेच सांगतलं."

२० नोव्हेंबर

वर्षाले खोदून खोदून इचारलं. म्हणे, "आई तर म्हणत होती, आमच्या घरी सायकल बी नाही." सायकल बी नाही! इतकं तर मी शिकवलंच नव्हतं. शेजारणीच्या कोंबडीचं अंडं आपल्या गोठ्यात सापडलं तर नेऊन देणारी बाई हे. ते इतक्या सफाईनं खोटं बोलली? काहीतरी हाये.

८ जानेवारी

तांड्याच्या तोंडाशी परवा दोघं-तिघं येऊन खांब गाडून गेले. कायचा खांब, सांगत नाहीत. कॅमेरा लावतीन, दुसरं काय. दोन दिवस झाले, जीप आडरस्त्यानंच काढून राह्यलो.

१५ जानेवारी

खांबावर पाटी लागली. बस थांबा!

बॅटरीची बस म्हणे. नाईकाले मॅडमचा फोन आलता. ज्या गावात लोकाईजवळ स्वतःच्या गाड्या नाहीत तिथंच पहिली बस द्याची, सवारी पक्की भेटते म्हणून. पलीकडच्या तांड्यानं खरं सांगतलं, घरटी फटफटी हाये म्हणून. त्याईले नाही भेटली. आम्हाले भेटली! सगळे माह्या पाठीवर थापा मारून राह्यले — "सुनीलभाऊ, डोकं लावलं तुम्ही!"

अरे बाप्पा! माह्याच हातानं माही कबर खोदली.

२ फेब्रुवारी

आली. आवाज नाही, धूर नाही. बायकांले अर्धं तिकीट, बुढ्यांले फुकट. बा पहिल्याच सीटवर! वर्षा खिडकीपाशी बसली होती. मले हात केला. मी दुसरीकडे पाह्यलं.

दुपारपर्यंत जीपमध्ये एक सवारी नाही.

५ फेब्रुवारी

आज राह्यवलं नाही. शीला तूर पाखडत होती. म्हटलं, सायकल बी नाही असं काहून सांगतलं तू?

मान वर नाही केली. म्हणे, "मॅडमले इचारलं मी, हे सगळं कायले लिहिता. त्या म्हणे, बस कुठं सोडाची ते पाहून राह्यलो."

म्हटलं, म्हणजे तुले माहीत होतं? अन् आपल्या जीपचं काय, हे नाही आलं मनात?

सूप खाली ठेवलं तिनं.

"तुमच्या जीपमध्ये पोरीले जागा कुठं होती?"