बिननावाचं पदक

१४ ऑक्टोबर, मंगळवार

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र आणि रुमालात बांधलेलं पदक, दोन्ही मिळालं. उत्तराला तीन आठवडे लागले. गुडघा धरला होता असं लिहिणार होतो, पण गुडघा ठणठणीत आहे. इकडे सगळं ठीक. आमच्या हिने माझ्या पदकांच्या पेट्या पलंगाखाली ढकलल्यात. म्हणते, "लोकांची घरं माणसांनी भरतात, आपलं भंगाराने!" एकशे बारा झाली, वहिनी. परवाच भंगारवाल्याकडून एका रेल्वेतल्या फिटरचं आणलं, तीस वर्षांच्या सेवेचं. त्याच्या मुलानेच डब्यांबरोबर देऊन टाकलं होतं. घासूनपुसून नाव वर काढलं, तेव्हा जरा बरं वाटलं.

दादाला जाऊन दोन महिने झाले. तुम्ही लिहिलंत की त्याच्या हत्यारांच्या पेटीत तळाशी हे सापडलं. "बघा ना भावजी, पंचवीस वर्षांचं पदक मिळालं आणि या माणसाने मला कधी दाखवलंसुद्धा नाही! मागे नाव घालायचं राहिलंय, तेवढं तुमच्या ओळखीच्या माणसाकडून घालून घ्या. नात काचेच्या कपाटात ठेवणार आहे."

गेलो होतो. नाव कोरणाऱ्यासमोर बसलो, कागदावर दादाचं नाव लिहून दिलं. त्याने चष्मा चढवला आणि विचारलं, "वर्षं किती घालू?" मी कागद परत घेतला. पदक घेतलं आणि घरी आलो.

वहिनी, हे कारखान्याचं पदक नाही. कारखान्याची ठशातून निघायची. याच्या पाठीवर लेथच्या खुणा आहेत, गोल गोल, केसासारख्या बारीक. पुढचं दातेरी चाकही हाताने कोरलंय. हे दादाने स्वतः केलंय, पितळेच्या तुकड्यातून, आपल्या लेथवर.

कधी केलं तेही मला ठाऊक आहे. कारखान्यात मला पंचवीस वर्षांचं पदक मिळालं, त्या समारंभाला तो तिसऱ्या रांगेत होता. सगळ्यांत जोरात टाळ्या त्याच्या. नंतर माझं पदक हातात घेऊन त्याने अंगठ्याने जाडी चाचपली आणि म्हणाला, "झकास आहे रे." त्यानंतरच केलं असणार. कड तर माझ्या पदकापेक्षा सरस काढलीय. नाव मात्र घातलं नाही. न मिळालेल्या गोष्टीवर स्वतःचं नाव घालणाऱ्यातला तो नव्हता.

त्याला का मिळालं नाही, तेच लिहायला बसलोय आणि इकडचं तिकडचं सांगतोय.

आई दवाखान्यात होती ते शेवटचे तीन दिवस आठवतात? दादा तिच्या उशाशी होता, मी कामावर जात होतो. गेटवरची हजेरी माझ्याकडे. पहिल्या सकाळी त्याने रजेची चिठ्ठी माझ्या हातात दिली. "साहेबांच्या टेबलावर ठेव, विसरू नकोस हं." मी कोटाच्या खिशात ठेवली आणि विसरलो. तिन्ही दिवस त्याच्या नावापुढे 'गैरहजर' मीच लिहिलं. वाटलं, रजा मंजूर होऊन आली की बदलू. मग आई गेली, आणि कुणाला कशाची शुद्ध राहिली नाही.

विनापरवानगी एक दिवस चुकला तरी सेवा तुटली, असा नियम होता. दादाची बावीस वर्षं भरली होती. मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली आणि निवृत्तीपर्यंत जेमतेम पंधरा भरली.

त्याने एकदाच विचारलं, "चिठ्ठी दिली होतीस ना रे?"

"दिली होती दादा. साहेबांकडूनच गहाळ झाली असणार."

तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं, असं लिहिलं तर कदाचित तुम्ही मला माफ कराल. पण चिठ्ठी मला आदल्याच आठवड्यात खिशात सापडली होती. मुख्य हजेरी कारकुनाची जागा मला मिळणार होती. तोंड उघडलं असतं तर ती गेली असती. एवढंच. एवढ्यासाठी मी सख्ख्या भावाची बावीस वर्षं खाल्ली, वहिनी! आणि त्या गेटमध्ये मला चिकटवलं होतं तेही त्यानेच, साहेबांच्या मागे लागून.

चिठ्ठी सोबत ठेवलीय. अक्षर ओळखाल. "आईची तब्येत बरी नसल्याने" असं लिहिलंय.

लोक विचारतात, परक्यांची पदकं कशाला गोळा करता? मी सांगतो, छंद. खरं म्हणजे नवीन पदक हातात आलं की मी आधी ते उलटं करून नाव वाचतो. दादाच्या नावाचं कधी निघालंच नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तरी उलटतो.

पदक कोरंच परत पाठवतोय. वर्षं विचाराल तर सदतीस. न सांगता एकही दिवस चुकला नाही तो. नाव घालायचं का, नातीला काय सांगायचं, ते तुम्ही ठरवा. माझा हात त्याला लागायला नको.

दादा गेला त्या दिवशी मी तुमच्या दारापर्यंत येऊन परत फिरलो. कुणीतरी पाहिलं, तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही पत्रात विचारलंत, "आत का नाही आलात?" म्हणून आलो नाही, वहिनी.

खाली 'तुमचा भावजी' लिहायला हात धजत नाही. तुम्ही पुन्हा तशी हाक मारलीत तर लिहीन. तोवर,

गेटवरचा हजेरी कारकून