त्रिक आणि चोक यांची चौकशी

तीर्थस्वरूप चारुआत्यास,

"ऋते, गणित डोक्यात नसतं, जिभेवर असतं," असं तू मला एकदा म्हणाली होतीस. वाईच्या शाळेत तू आम्हाला गणिताला होतीस तेव्हाची गोष्ट. ते मी खरं मानलं आणि आज त्यापायी माझी रीतसर चौकशी होऊन चुकली आहे. पण आधी नमस्कार. साष्टांगच घालणार होते, पण आमच्या खांदेश्वरच्या हॉलमध्ये साष्टांग घातला की पाय बाल्कनीत जातात, तेव्हा वाकून केलेला गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब घालतेस ना? (घालत नाहीस, हे मला कळलंय. कसं कळलं ते विचारू नकोस.) इकडे केतन, जाई आणि मी मजेत आहोत. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू "बरं, ठेवते" म्हणतेस आणि खरंच ठेवतेस. मला काहीही मागायचं नाहीये, हे आधीच सांगते, म्हणजे तू निवांत वाचशील.

मी इथल्या शाळेत गणित शिकवते हे तुला माहीत आहेच, पण अजून 'तात्पुरती' म्हणून. गेल्या वर्षी मुख्याध्यापिकाबाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं, की वरच्या वर्गांना गणित शिकवायचं तर गणितातली मास्टर्स हवी, निदान तिची पहिली परीक्षा तरी पास झालेली हवी, नाहीतर येत्या जूनपासून मला मूल्यशिक्षण देण्यात येईल. (म्हणजे शिकवायला देण्यात येईल. मी आधी भलतंच ऐकलं आणि दुखावले.) मूल्यशिक्षणाशी माझं वैर नाही. पण माझ्या नववीत एक मुलगी आहे, ती गणित सोडवताना वहीवर हात झाकून बसायची. दिवाळीनंतर एकदा तिने आपणहून हात काढला आणि म्हणाली, "मॅडम, चुकलंय वाटतं, पण बघा ना." आत्या, चुकलेलंच होतं. पण मला इतकं भरून आलं, की घरी येऊन मी ऑनलाइन मास्टर्सला नाव घातलं. केतन म्हणाला, "एका मुलीने हात काढला म्हणून तू फी भरलीस?" हो. भरली. तो वर्ग मला सोडायचा नाहीये.

आता आम्हाला शिकवणारे सर जाईपेक्षा जेमतेम मोठे दिसतात, आणि सगळं इंग्रजीत. मी कानाने इंग्रजी ऐकते आणि आत मराठीत लावून घेते. हायपोटेन्यूज म्हटलं की मला कर्णच दिसतो, तोही कवचकुंडलांसकट. सुरुवातीलाच वर्गाच्या ग्रुपवर मी इंग्रजी अक्षरांत शंका विचारली, की इथे आधी 'लसावि' काढायचा का? लखनौच्या एका मुलाने अदबीने विचारलं, की हे लसावी इटलीचे का? कोइमतूरच्या एका बाईंनी कळवलं, की लसावींचा सिद्धांत आपल्या पुस्तकात नाही, पण सरांनी तो जरूर घ्यावा. मी लाजेने गप्प बसले, तर त्यांना वाटलं मी विनयाने गप्प बसले. तेव्हापासून ग्रुपवर मला फार मान आहे.

परीक्षा मात्र घरी बसून द्यायची. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून कुणीतरी लांबून आपल्याकडे बघत असतं आणि माइकमधून ऐकत असतं. खोलीत दुसरं माणूस नको, कॅलक्युलेटर नको, मान इकडे तिकडे नको. मी वॉचमनला बजावलं की कुरिअरवाल्याला वर सोडू नका, शेजारच्या ताईंना विनवलं की मिक्सर लावू नका, केतन आणि जाईला घराबाहेर काढलं. एवढ्या सगळ्यांना गप्प केलं आणि एकटी मी तेवढी राहिले. मॅट्रिक्सचा लांबलचक गुणाकार समोर आला, आणि तोंडातून आपोआप सुरू झालं: सतरा त्रिक एकावन्न, सतरा चोक अडुसष्ट. हळूच, हं. पण तू शिकवलंस तशी मान डोलवत. पेपर मध्येच बंद पडला.

मग मेल आला. परीक्षार्थीने खोलीतल्या 'त्रिक' आणि 'चोक' नावाच्या दोन व्यक्तींना वारंवार हाका मारल्या आणि त्यांच्याकडून आकडे मिळवले, असा आरोप. जाई हसून सोफ्यावरून खाली आली. "आई, टेन्शन नको घेऊ. सांग त्यांना, त्रिक गावी गेलाय." केतनने अगदी गंभीरपणे विचारलं, "आणि सक? तो कसा काय सुटला?" (सहाने गुणायची वेळच आली नव्हती.) हसले मीही, पण मग स्वयंपाकघरात जाऊन कुकरच्या आवाजात थोडी रडले. या वयात कॉपी केल्याचा आळ, आत्या.

चौकशीला पडद्यावर तिघे होते. मी सांगितलं, त्रिक म्हणजे तीन. मग तीनला तीनच का म्हणत नाही? म्हणतो, पण पाढ्यात गेला की त्याचं त्रिक होतं. असं का? आता असं का, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस, आणि मी विचारलं असतं तर पट्टी मिळाली असती. तेव्हा सुचलं ते बोलून गेले, की मी माहेरी ऋती, शाळेत मॅडम आणि सोसायटीत जाईची आई. बाई एकच, घर बदललं की हाक बदलते. मग मधल्या सरांनी चष्मा काढला आणि त्यांच्या आजीने शिकवलेला तेराचा पाढा त्यांच्या भाषेत म्हणायला लागले, आणि मध्येच अडकले. (मी मदत केली नाही. चौकशी चालू होती.)

तर आळ गेला. पेपर पुन्हा द्यायचा आहे, शेवटची संधी म्हणून, आणि या वेळी पुटपुटायची परवानगी आहे. यात जमलं तर नववी माझी, नाहीतर मूल्यशिक्षण. बाकी सगळं छान. आणि हे पत्र लाल पेनाने तपासून परत पाठवू नकोस. मागचं जाईने फ्रिजवर लावलं होतं.

तुझी,
ऋती

ता. क. एक बारीकशी अट सांगायची राहिली. पुटपुटायचं असेल तर खोलीत कॅमेऱ्याला दिसेल असा एक निवृत्त शिक्षक बसलेला हवा, आणि त्रिक किंवा चोक कुणीही आलं नव्हतं, असं त्याने शेवटी लिहून द्यायला हवं. मी विचारलं, आत्या चालेल का? ते म्हणाले, ती तुमची बाजू घेणार नाही कशावरून? मी सांगितलं, तिने मला सहावीत नापास केलं होतं आणि त्याच संध्याकाळी आमच्याकडे जेवायला आली होती. तुझी निवड एकमताने झाली.

ता. ता. क. केतन गाडी घेऊन वाईला येईल, आणि आमची लिफ्ट सध्या चालू आहे, तेव्हा येणं तुला जमेल. जमणार नाही ते पुढचंच. पूर्ण पेपरभर तुला माझ्यामागे खुर्चीत बसायचं आहे, आणि तिथून मी लिहिलेली ओळ न् ओळ तुला दिसणार. 'हं' नाही, 'अगं' नाही, जीभ टाळूला लावून केलेलं 'च्च' नाही. तुझा आवाज आला की पेपर कायमचा बंद. लग्नपत्रिकेतली चूक सांगायला भर लग्नात स्टेजवर चढलेली बाई तू. तुझं उत्तर मला ठाऊक आहे, तरी विचारते: तू मला चुकू देशील?