खोकला वगळून

१ जानेवारी
या वर्षीचे संकल्प. एक, रोज डायरी लिहिणे. दोन, रोज सकाळी चालणे. तीन, कंपनीचं सोशल मीडिया पेज गाजवणे. तिसरा कामाचा आहे म्हणून आधी तो. चालणं उद्यापासून.

मोठे साहेब म्हणाले, जाहिरातींचा जमाना संपला. लोक आता माणसांचं ऐकतात. आपल्या कपडे धुण्याच्या पावडरसाठी एक खरा चेहरा शोध. डिजिटल विभागात मी एकटाच आहे. त्यामुळे विभागाची मीटिंग जिन्यातच झाली आणि ठराव एकमताने पास झाला.

४ जानेवारी
चेहरा सापडला. काखेत कळसा! सासूबाई आमच्याच कंपनीत, पॅकिंगमध्ये. सव्वीस वर्षं पावडरच्या पिशव्या भरतायत. केस पांढरे, गालावर खळी, बघताक्षणी आई वाटतात. बायको म्हणते की मला ही नोकरी त्यांच्याच शब्दावर लागली. माझ्या मते टॅलेंटवर लागली, शब्द फक्त निमित्त.

सासूबाई आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, जावईबापूंचं काम आहे तर करते.

७ जानेवारी
पहिलं शूटिंग. सासूबाई मास्क लावून आल्या. म्हटलं, ब्रँडला चेहरा द्यायचाय आणि चेहराच झाकलेला? त्या म्हणाल्या, पावडर नाकातोंडात जाते हो. म्हटलं, अर्ध्या मिनिटाचा तर व्हिडिओ आहे.

अर्ध्या मिनिटाला अडीच तास लागले. हसा म्हटलं तर म्हणाल्या, सव्वीस वर्षांत एकाही पिशवीने मला विनोद सांगितला नाही, आज कशावर हसू? (वाक्य छान होतं. पण ब्रँडला शोभलं नसतं.)

खिडकीतून ऊन येत होतं. पावडर उंचावरून ओतली की उन्हात धुक्यासारखी तरंगते. फार देखणं दिसतं. नऊ वेळा ओतायला लावली. शेवटी खोकायला लागल्या. तेवढं कापलं.

१० जानेवारी
सकाळी ९.१०: चौदा लाइक. त्यातले चार घरातले.
दुपारी १.००: दोन हजार!
संध्याकाळी ६.३०: चाळीस हजार!! लोक लिहितायत, अशी आई सगळ्यांना मिळो. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. याआधी त्यांना माझं नाव आठवायला वेळ लागायचा.

चालणं राहिलं. आजच्या दिवशी कोण चालेल?

२ फेब्रुवारी
अकरा व्हिडिओ झाले. एडिटिंगमध्ये आता माझा हात धरणारा कोणी नाही. खोकला यायच्या आधी सासूबाईंचे खांदे जरा वर येतात. बरोब्बर तिथे कात्री चालवायची. सांधा कुठे आहे ते मलासुद्धा सापडत नाही.

बायको म्हणते, आईला डॉक्टरकडे घेऊन जा. म्हटलं, रविवारी नेतो.

८ फेब्रुवारी, रविवार
डॉक्टर राहिले. आज फॉलोअर्ससाठी लाइव्ह कार्यक्रम होता, आणि लाइव्हमध्ये कात्री चालत नाही. पण माझ्याकडे योजना होती. खांदे वर आले की कॅमेरा पाकिटाकडे वळवायचा.

खांदे वर आले. कॅमेरा वळवला. खोकला थांबेना. सतरा हजार लोकांनी चार मिनिटं पावडरचं पाकीट बघितलं. कोणीतरी विचारलं, मागे कोण खोकतंय? उत्तर दिलं: आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत.

सकारात्मक बाजू: पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर लोकांनी पहिल्यांदाच वाचलं.

१८ मार्च
शेवटी बायकोनेच नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही फुप्फुसं खराब झालीत, धुळीने. यापुढे पावडरकडे बघायचंसुद्धा नाही, आणि ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात उपचार सुरू करा.

ते उपचार आमच्या आवाक्यातले नाहीत. कामामुळे आजार झाला असं कंपनीच्या आरोग्य समितीने मान्य केलं, तर सगळं कंपनी करते. बायको रडून झाल्यावर म्हणाली, तुझ्याकडे न कापलेलं सगळं शूटिंग आहे ना? आईचा मास्क तू काढायला लावलास, ती खोकतेय, सगळं त्यात आहे. ते समितीला दाखव.

दाखवणार. म्हणजे काय! संकल्प क्रमांक चार.

२० मार्च
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं, चहा मागवला. म्हणाले, तुझे व्हिडिओ समितीसमोर लावणार आहोत. मला खरंच आनंद झाला. एवढ्या वरच्या लोकांसमोर माझं काम पहिल्यांदाच जाणार.

ते कशासाठी लावणार, ते जिना उतरताना लक्षात आलं.

बायकोला सांगितलं की झाकली मूठ सव्वा लाखाची. ती म्हणाली, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. मग म्हटलं, पाण्यात राहून माशाशी वैर नको, पण मी आतून लढणार आहे. तिने विचारलं, आतून म्हणजे कुठून? या प्रश्नात काही अर्थ नव्हता.

२६ मार्च
तयारी पूर्ण. सगळं न कापलेलं शूटिंग पेन ड्राइव्हवर घेतलं. फोनमधून काढून टाकलं, उगाच साहेबांनी फोन मागितला तर. आरशासमोर भाषणाचा सराव केला. एक, आदरणीय समिती. दोन, सत्य. तीन, पेन ड्राइव्ह. आवाज थोडा कापतो, पण ते चांगलं वाटतं, भावनिक.

उद्या इतिहास घडणार.

२७ मार्च
सविस्तर लिहायला हवं, पण थोडक्यात लिहितो.

लांब टेबल. पलीकडे समितीचे तिघं. अलीकडे सासूबाई आणि बायको. मी साहेबांशेजारी. (तिथेच खुर्ची होती.) पडद्यावर माझे व्हिडिओ. एकामागून एक, वीस मिनिटं. सासूबाई हसतायत, पावडर ओततायत, गाल गुलाबी. रंग मीच थोडे वाढवले होते. वीस मिनिटांत एकदाही खोकला नाही. काम अप्रतिम झालंय, हे कोणीही मान्य करेल.

मग समितीच्या डॉक्टरांनी विचारलं की बाई तर ठणठणीत दिसतात. आणि एकाही व्हिडिओत मास्क कसा नाही? काढायला कोणी सांगितला होता का?

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पेन ड्राइव्ह डाव्या खिशात होता. मी बोलणारच होतो. श्वास घेतला होता. आदरणीय, इथपर्यंत शब्द ओठांवर आला होता.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, मीच काढला. कोणी नाही सांगितलं. तोंड दिसावं एवढीच हौस.

बायको ताडकन उठली. सासूबाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. मला ऐकू आलं. अगं, त्यांची नोकरी गेली तर तू खाशील काय?

त्यानंतर पेन ड्राइव्ह काढणं म्हणजे सासूबाईंना भर सभेत खोटं पाडणं. मोठ्या माणसाचा असा अपमान माझ्या हातून होणार नाही. आमच्यावर तसे संस्कार नाहीत.

३० मार्च
निकाल आला. आजाराचा कामाशी संबंध सिद्ध होत नाही. शिवाय सुरक्षेचे नियम कामगाराने स्वतःच मोडले.

बायको आईकडे राहायला गेली. जाताना काही बोलली नाही. बोलली असती तर माझ्याकडे उत्तरं तयार होती.

५ एप्रिल
अपील करता येतं म्हणे. करणारच. पुरावा माझ्या खिशात आहे.

६ एप्रिल
पॅन्ट धुतली. घरात दुसरं कोणी नाही, मीच धुतली. पेन ड्राइव्ह खिशातच होता. आमच्याच पावडरीत धुतला गेला. दुकानदार म्हणाला की यातून आता काही निघणार नाही.

नशिबापुढे कोणाचं चालतं? पॅन्ट मात्र स्वच्छ निघाली.

१७ मे
सासूबाईंना बघायला गेलो. बायकोने दार उघडलं आणि आत निघून गेली. सासूबाई खिडकीशी तीन उशांना टेकून बसल्या होत्या. वजन अर्धं झालंय. नळी नाकात, तरी म्हणाल्या, या जावईबापू, दमला असाल, बसा. मग शेजारणीने फोनवर दाखवलेला व्हिडिओ आठवून म्हणाल्या, त्यातली बाई बघा किती धडधाकट आहे. माझ्याऐवजी तिलाच पाठवा ना दवाखान्यात.

स्वतःच हसल्या आणि खोकला लागला. किती वेळ ते मोजलं नाही. खांदे वर येताना दिसले आणि माझा अंगठा मांडीवर आपोआप हलला, स्क्रीनवर कापताना हलतो तसा. मला लाज वाटली. खरोखर वाटली. त्यांच्या पाया पडावं असं वाटलं, पण त्या खोकत होत्या आणि मध्येच वाकणं बरं दिसलं नसतं.

त्यांच्यासोबत फोटो काढायचं मनात होतं. काढला नाही. एवढा संयम कोण दाखवतं?

१२ जून
साहेबांच्या सांगण्यावरून सगळ्या व्हिडिओंमधले उत्तम तुकडे एकत्र जोडले. शीर्षक: आईच्या हातांना निवृत्ती नसते. चार दिवसांत दहा लाख लोकांनी बघितलं. मला बढती. विभागात अजून मीच एकटा, पण आता मी त्याचा प्रमुख आहे.

बायकोला फोन केला. उचलला नाही. मेसेज टाकला. दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे वाचतेय. संबंध पूर्ण तुटलेले नाहीत.

ठरवलं: या महिन्याच्या पगारातून मोठ्या हॉस्पिटलात नाव नोंदवायचं. माझं मीच. कोणाच्या उपकाराशिवाय.

३० जून
पगार झाला. पुढच्या महिन्यात नक्की.

९ जुलै
सकाळी ११.२०. त्या दहा लाखवाल्या व्हिडिओखाली बायकोची कमेंट आली आहे. लिहिलंय: ही माझी आई. आज पहाटे गेली. हा व्हिडिओ काढून टाका.

मला फोन नाही. मेसेज नाही. सासूबाई गेल्याचं मला कंपनीच्या पेजवर कळलं.

११.३५. साहेबांना फोन केला. त्यांनी दुःख व्यक्त केलं. म्हणाले, आत्ता व्हिडिओ काढला तर लोक प्रश्न विचारतील. तू कमेंट लपव आणि घरी जा, दोन दिवस सुट्टी घे.

११.५०. लपवली.

कमेंट लपवली की ती जगाला दिसत नाही. फक्त लिहिणाऱ्याला आणि तिच्या फ्रेंड लिस्टमधल्या लोकांना दिसत राहते. म्हणजे बायकोला काही कळणार नाही.

१२.४०. अजून ऑफिसमध्येच बसलो आहे. पेज चार वेळा बंद करून उघडलं. मी तिच्या फ्रेंड लिस्टमध्ये आहे.