पेडल माझ्या पिशवीत हायेत

मुस्तकीम,

मी शाळेवर चाललेय. चहा झाकून ठेवलाय.

तुझी सायकलीच्या सामानाची यादी वाचली. धारूरच्या घाटात उड्या मारायला सायकल जोडतोय म्हणालास, मग फ्रेम कॅरिअर बसणारी कावून? मागच्या चाकाला ओझं पेलणारे छत्तीस स्पोक अन् लांब पल्ल्याचे गुळगुळीत टायर कावून? तुझ्यासारखीच मीबी सायकलवाल्याची लेक हाय. अब्बांनी यादी बघितली असती तर त्यांनाबी कळलं असतं, म्हणून ती फाडली.

त्या दिवशी अब्बा तुला लई बोलले, खरं हाय. पण ब्रेक डिस्कचेच घे, ओझ्यासकट घाट उतरायचाय तुला.

काल आलेले पेडल मी डब्याच्या पिशवीत घेऊन चाललेय. कुठं निघालास ते मला तोंडानं सांग, अन् घेऊन जा.

इरम