नेलपॉलिशचा लाल काटा

मी नुमा जाको, राहणार ला शो-द-फों, स्वित्झर्लंड, पूर्वी घड्याळे जुळवणारा कारागीर, आता घरात बसून असलेला म्हातारा. डोके ठिकाणावर आहे, कोणाची जबरदस्ती नाही, सकाळपासून वाईनचा थेंबही घेतलेला नाही. डोळे मात्र गेले आहेत. म्हणून हे मृत्युपत्र मी तोंडी सांगतो आहे आणि नोटरी श्रीमती ब्रांट ते लिहून घेत आहेत. पुरे झाले की दोन साक्षीदारांसमोर त्या ते मोठ्याने वाचतील. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी जुन्या घड्याळांचा सगळा संग्रह माझा मित्र अबेल कालाम याला दिला होता.

पहिले. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी सोलांज हिला द्यावी. जिन्याचा कठडा हलतो हे तिला ठाऊक आहे. घर विकायचे असेल तर खुशाल विकावे, मला वाईट वाटायला मी नसेन.

दुसरे. माझे टेबल, चिमटे, भिंगे आणि तेलाच्या कुप्या गावातल्या घड्याळशाळेला द्याव्यात. त्यांना नको असतील, आणि नकोच असणार, तर भंगारात घालाव्यात. कारखाना बंद झाला तेव्हा आमची मशिनेही तिथेच गेली होती. बॅटरीची घड्याळे आली आणि आम्ही सगळे एका हिवाळ्यात घरी बसलो.

तिसरे. ग्रांजव्हेर या घड्याळ कंपनीने मला भेट दिलेली, माझ्या जुन्या घड्याळाची नवी आवृत्ती जावई दिदिए याला द्यावी. माझे जुने घड्याळ आणि त्याची ही नक्कल शेजारी ठेवून तो म्हणाला होता, "बाबा, हेच बरं की. पाण्यात चालतं." चालव म्हणावे पाण्यात.

चौथे. आता ते जुने घड्याळ. याबद्दल सविस्तर सांगतो, श्रीमती ब्रांट घाईत असल्या तरी.

ग्रांजव्हेरच्या जुन्या कारखान्यात मी क्रोनोग्राफ जुळवत असे, म्हणजे बटण दाबून वेळ मोजायची घड्याळे. माझी बायको एद्मे पुढच्या टेबलावर काटे बसवत असे. कारखाना बंद होताना प्रत्येकाला एक घड्याळ घेऊ दिले. मी पांढऱ्या तबकडीचे घेतले. त्यातला मिनिटे मोजणारा छोटा काटाही पांढराच होता, आणि माझी नजर तेव्हापासूनच अधू. मी रोज सकाळी त्यावर अंडी उकडायचो आणि रोज ती दगड व्हायची. एका रविवारी एद्मेने स्वयंपाकघरात ते उघडले, काटा काढला आणि आपले लाल नेलपॉलिश त्याला लावले. टोकाला एक थेंब जास्त झाला. "राहू दे," ती म्हणाली, "निदान तुला दिसेल तरी." त्यानंतर अंडी नीट झाली. पुढे ती गेली. काटा राहिला.

मग कोणी तरी ग्रांजव्हेर हे नाव विकत घेतले आणि जुन्या घड्याळांच्या नव्या आवृत्त्या काढायला सुरुवात केली. अबेल त्यांच्या माणसांना घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "नुमा, लाल काट्याचं घड्याळ जगात तुझ्याकडेच आहे. दे त्यांना, बघून परत देतील."

"अरे, एद्मेचं नेलपॉलिश आहे ते," मी म्हणालो. पाहुणे हसले. त्यांना मी विनोदी म्हातारा वाटलो. पुढे माहितीपत्रकात त्यांनी छापले की ही मोटार शर्यतींसाठी बनवलेली दुर्मिळ जात आहे. आज तो लाल काटा टोकियोपासून जिनिव्हापर्यंत लोकांच्या मनगटावर फिरतो आहे, आणि त्यातल्या एकालाही अंडे उकडता येत नसेल.

घड्याळ वर्षभराने परत आले. मला दिसत नव्हते, पण अंगठ्याला कळले. पट्ट्याजवळच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. जुन्या घड्याळाचे धातूचे कवच घासून पॉलिश करायचे नाही, मूळ कडा जातात, हे आमच्यात पोरासोरांनाही माहीत असते. सोबत चिठ्ठी होती: आपल्या सहकार्याबद्दल आभार, घड्याळ विनामूल्य नव्यासारखे करून दिले आहे. मी लगेच अबेलला बोलावले. त्याने भिंग डोळ्याला लावले.

"काटा तोच आहे ना रे?"

"तोच आहे. उगाच जीव टांगणीला लावू नकोस."

मी विश्वास ठेवला. दोन हिवाळे ते घड्याळ उशाशी घेऊन झोपलो. मग ईस्टरला सोलांज आली आणि म्हणाली, "बाबा, हा आईचा काटा नाही. टोकाला थेंब नाहीये." कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी फार गोड बोलली. काढलेले सुटे भाग ते ठेवत नाहीत. सोलांज म्हणाली, "आईची बाटली आहे अजून, मी रंगवू का परत?" मी नको म्हणालो. बाटली वाळून गेली आहे. आणि नसती वाळली तरी हात कोणाचा?

तर हे घड्याळ सोलांजने घ्यावे. फक्त नातवंडांना हा आजीचा काटा आहे असे सांगू नये. खोटे एकाने सांगितले तेवढे पुरे.

पाचवे. बाकीची घड्याळे लिलावात विकावीत. कोणीही घ्यावीत. मला त्यात आता काही वाटत नाही. रोज किल्ली देतो ती हाताच्या सवयीने.

सहावे. अबेलला मी मुद्दाम साक्षीदार केले आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हा इथला कायदा. तो चाळीस वर्षे माझ्या घड्याळांच्या कपाटासमोर उभा राहून उसासे टाकत आला आहे. घड्याळ कंपनीला दिले याचा राग नाही, मीही हो म्हणालोच होतो. राग त्या "तोच आहे" चा आहे. सोलांजने सांगितल्यानंतर मी त्याला दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्याने विषय बाहेर पडणाऱ्या बर्फावर नेला. खरे काय ते एकदा माझ्या कानावर घाल, एवढेच मागणे होते. आता तो समोर बसून हे ऐकेल आणि गप्प राहील. मी ओळखतो त्याला.

सातवे. मला एद्मेशेजारी पुरावे. मनगट रिकामे असावे. जमल्यास पाद्रीबाबांनी काळाबद्दल काही बोलू नये.

येणेप्रमाणे सांगितले, वाचून दाखवलेले ऐकले, माझ्या मनातलेच आहे.

ला शो-द-फों, ९ मार्च २०२२

नुमा जाको (सही ओळीबाहेर गेली आहे)

साक्षीदार पहिली: बेर्त निकोले, शेजारीण

साक्षीदार दुसरा: अबेल कालाम
नुमा, काटा नवाच आहे. भिंग लावताच दिसलं होतं. तुझा चेहरा बघून सांगवलं नाही.

नोटरीची नोंद: दुसऱ्या साक्षीदाराने सहीखाली आपल्या हाताने जादा मजकूर लिहिला आहे. तो लिहीत असताना श्री. जाको यांनी "सहीला एवढा वेळ?" असे विचारले. साक्षीदाराने "हात थरथरतो रे" असे उत्तर दिले. साक्षीदाराने खुणेने विनंती केल्यामुळे सदर मजकूर श्री. जाको यांना वाचून दाखवलेला नाही.

— श्रीमती ब्रांट, नोटरी