आईच्या प्रोग्रामातल्या एकशे बेचाळीस चुका

ता. ४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आईचा कॉम्प्युटर जळाला. तिचं एकच बोट हलतं, त्याने बटण दाबून ज्यावर ती एकेक अक्षर निवडायची, तो तू लिहिलेला प्रोग्रामही त्यातच गेला. आई पुन्हा मुकी झाली. सर्जन म्हणतात, पोटाच्या ऑपरेशनचं हो की नाही ते २० तारखेपर्यंत सांगा. आईला विचारलं की ती डोळे मिटून घेते. तिला हो-नाहीमध्ये न मावणारं काहीतरी सांगायचंय, आणि ते मला ओळखता येत नाही. वेड लागायची पाळी आली आहे.

नवा कॉम्प्युटर आणून तुझ्या छापील नऊ पानांवरून सगळं टाइप केलं. मी शिंपीण, माझा संबंध बाह्या-कॉलरशी! कंपाइल करताच, म्हणजे कॉम्प्युटरकडून तपासून घेताच, एकशे बेचाळीस चुका. पडद्यावर दिसतात त्या शेवटच्या वीस उतरवून पाठवते. रागवायचं ते नंतर रागव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
चिमी

ता. ७

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

बेटावर टपालाची बोट आठवड्यातून एकदाच येते आणि दोन तास थांबते, तेवढ्यात लिहितोय. वेधशाळेच्या वायरलेसवर घरचे निरोप चालत नाहीत.

शेवटच्या चुकांचा उपयोग नाही, बाई. पहिलीच खरी, बाकी सगळी तिची पिलावळ. पडदा वर सरकवून पहिली चूक आणि तिच्या वरच्या दहा ओळी पाठव.

नोकरीसाठी आईला तुझ्यावर टाकून निघालो, तेव्हा तिने मला याच प्रोग्रामवर ‘परत येऊ नकोस’ असं लिहिलं होतं. शेवटचं अक्षर उमटेपर्यंत मी समोर उभा होतो. तिचं काही चुकलं नाही. पण तो प्रोग्राम चाललाच पाहिजे.

आठवण ठेव,
दादा

ता. ११

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट बघवेना. ज्या ओळीवर चूक दाखवी ती ओळच मी उडवत गेले. शंभर, साठ, नऊ, शून्य! आनंदाने आईच्या बोटाखाली बटण दिलं. पडदा कोरा. ती दाबत राहिली, रे. अक्षरं दाखवणाऱ्या ओळीच मी कापल्या होत्या. शेवटी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ओक्साबोक्शी रडले.

काल तुझं पत्र मिळालं. नऊच्या नऊ पानं पुन्हा टाइप केली. पहिली चूक एकेचाळिसाव्या ओळीवर आहे, वरच्या ओळी सोबत लिहिल्यात. आता नऊच दिवस उरलेत.

थकलेली,
चिमी

ता. १४

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

चूक एकेचाळिसाव्या ओळीत नाही, अडतिसाव्या ओळीनंतर आहे. कंपायलर जिथे अडखळतो तिथे बोट दाखवतो, ठेच आधीच लागलेली असते. तिथे बंद होणारा महिरपी कंस आणि अर्धविराम हवा. पानाची घडी तिथेच पडते, शाई उडाली असणार. तेवढंच टाक. तुला शपथ आहे, एकही ओळ कापू नकोस. नुसत्या वॉर्निंग आल्या तर येऊ देत.

आई काय म्हणते ते कळव. माझं नाव नसलं तरी चालेल.

तुझा,
दादा

ता. १८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चालला! एकही चूक नाही. आईने पाऊण तास घेतला. लिहिलं ते असं: ‘ऑपरेशन नको. मला घरीच राहू दे. थोरल्याला बोलाव.’

मी भांडले, पाया पडले, पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच लिहिलं, अक्षर न् अक्षर. सर्जन म्हणतात, ऑपरेशन नाही तर फार तर आठ-दहा दिवस. त्यातले तीन हे पत्र पोचण्यातच जातील.

ती दाराकडे बघत पडून असते. उत्तर लिहीत बसू नकोस. ज्या बोटीने हे पत्र येईल तिच्यातच बस.

तुझी,
चिमी