डावी रांग

प्रिय मातीखाऊ,

हे नाव वाचून तू पत्र बाजूला टाकणार नाहीस, अशी आशा आहे. अकरा वर्षं आपण बोललो नाही, त्यामुळे तुझं खरं नाव लिहायचा धीर झाला नाही. कॉलेजात तू जिभेवर माती ठेवून ती कशी आहे ते सांगायचास आणि मी तोंड वाकडं करून प्रयोगशाळेचा अहवाल उघडायचे. दोन्हींत फारसा फरक नसायचा, पण ते कबूल करायला माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

मी आता निवृत्त आहे, म्हणजे घरात सल्ले देते आणि ते कोणी ऐकत नाही. गुडघे कुरकुरतात. मुलीने तर बाल्कनीतल्या कुंड्यांना हात लावायलाही बंदी केली आहे. अशात गेल्या महिन्यात नगरपालिकेची नवी इंजिनिअर घरी आली. ग्रंथालयाच्या रस्त्यावर तू आणि मी लावलेली झाडं तुला आठवत असतीलच. उजवी रांग तिसऱ्या मजल्याला टेकली आहे आणि डावी वाळत चालली आहे. ती काढून टाकून तिथे गाड्या उभ्या करायच्या की पुन्हा झाडं लावायची, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं. चहा घेता घेता तिने सरळ विचारलं की जात एक, रस्ता एक, मग डावीकडचीच का मरतात? चाळीस वर्षं शहरांना झाडांबद्दल सल्ले दिलेली मी, मला उत्तर देता येईना.

डावी रांग पहिल्यांदा वाळून गेली तेव्हाचं उत्तर आपल्या दोघांना पाठ आहे. पाणी घालण्यात हलगर्जी. चौकशीच्या कागदावर तेवढंच होतं, खाली तज्ज्ञ म्हणून माझी सही होती आणि उद्यान अधीक्षक म्हणून खापर तुझ्या डोक्यावर फुटलं. तू नोकरी सोडून गेलास आणि स्वतःची रोपवाटिका काढलीस. त्यानंतर मी ती रांग नव्याने लावली आणि प्रत्येक झाडाला ठिबकची नळी दिली. पाणी एक दिवस चुकलं नाही, तरी झाडं मरताहेत. इंजिनिअर गेल्यावर हा भुंगा डोक्यातून जाईना. खरं सांगू, कित्येक वर्षांनी मला पुन्हा शिकाऊ झाल्यासारखं वाटलं आणि ते फार आवडलं.

मग मी आणि ती त्या रस्त्यावर जाऊन बसायला लागलो. मला दुपारच्या उन्हाचा संशय होता, पण समोरच्या इमारतींमुळे डावीकडेच सावली जास्त निघाली. मग संशय गाड्यांच्या धुरावर गेला, तर सिग्नल उजवीकडे. माती तपासली, दोन्हीकडे सारखी. कोपऱ्यावरच्या शिंप्याने मशीन न थांबवता सांगितलं की उजवीकडच्या फांद्या दरवर्षी छाटाव्या लागतात, डावीकडे छाटायला काही उगवतच नाही. इंजिनिअर तेही वहीत लिहून घ्यायची. शेवटी तिनेच विचारलं की खाली कसं दिसतं? खाली मी कधी पाहिलंच नव्हतं.

परवा सकाळी खुरपी घेऊन बसलो. उजवीकडे काही करावंच लागलं नाही. खोड जिथे रुंद होऊन मुळांत उतरतं ती जागा उघडी, डोळ्यांना दिसत होती. डावीकडे ती जागा लागेपर्यंत वीतभर माती काढावी लागली. साल कुजलेली, आणि हवेसाठी वर आलेली मुळं खोडाभोवतीच गुंडाळलेली. झाड स्वतःच्याच मुळांनी गळा आवळून घेत होतं. मी ओल्या फुटपाथवर बसून राहिले. त्या पोरीने पाण्याची बाटली पुढे केली.

तुला आता सगळं कळलं असेल. तुला तर तेव्हाच कळलं होतं. मी आईच्या आजारपणासाठी रजेवर होते तेव्हा उजवी रांग तू तुझ्या पद्धतीने लावलीस, जरा उंचावर. परत आल्यावर ती झाडं टाचा उंचावून उभी असल्यासारखी दिसली आणि मी चारचौघांत तुला फैलावर घेतलं. माझ्या नकाशात माती फरशीच्या बरोबरीने भरायची होती, खोडाचा बुंधा बुजला तरी. सपाट फुटपाथ सगळ्यांना हवा होता आणि मला तो देऊन दाखवायचा होता. डावी रांग मी स्वतः उभी राहून नकाशाबरहुकूम लावून घेतली, आणि तू गेल्यावर पुन्हा तशीच. पुढे चौकशीत तू एकच वाक्य बोललास, "आधी खोदून बघा, मग लिहा." मी खोदलं नाही. खोदलं तर काय निघेल याची भीती मला तेव्हाही होती. हे आजवर मी कोणालाच सांगितलेलं नाही.

आज अहवाल दिला. बावीसपैकी सहा झाडं माती उकरून वाचतील, बाकीची काढून त्याच जागी पुन्हा लावावीत, असं लिहिलं आहे. कारणाच्या रकान्यात नकाशातली चूक आणि नकाशा माझा, असंही आहे. जुन्या चौकशीवरची माझी सही चुकीची होती, असं वेगळं पत्र सोबत जोडलं आहे. ते तुझ्या कागदपत्रांत लागेल, पण त्याने तुझी अकरा वर्षं परत येत नाहीत, हे मला कळतं. अहवाल वाचून इंजिनिअरने विचारलं की ही रांग आता कोणाकडून लावून घेऊ. मी तुझ्या रोपवाटिकेचा पत्ता दिला. सोमवारी सकाळी ती तुझ्या दारात उभी असेल आणि तिला यातलं सगळं माहीत आहे. माझ्यावरच्या रागापायी तिला परत पाठवू नकोस, एवढंच मागायला हे पत्र लिहिलं. त्या रस्त्यावर मी येणार नाही, तू निर्धास्त काम कर.

तुझीच मैत्रीण,
अजून तसं म्हणू देणार असशील तर